फिलूमावशीचा अंगठा

फिलोमिना मावशी, उत्तनच्या फिलूमावशी, माझ्या शिक्षणात सगळ्यात मोठा वाटा कोणाचा असं कोणी विचारलं की मी आजवर आईवडिलांचं नाव घेतलं, नाहीतर गाइड सरांचं. ते खोटं नव्हतं. पण पहिलं नाव तुझं घ्यायला हवं होतं. आज घेतोय. तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा काल चर्चमध्ये झाली.

भेटणारे विचारतात, फार जीवाला लागलं का. लागलं. पण खरं सांगायचं तर हा आठवडाभर मला दुःखापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटतंय. पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतलं की माणूस क्षणभर अडखळतो ना, तसं. तू गेलीस आणि मला हलकं वाटतंय, हे कागदावर वाईट दिसतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला बरंचसं माहीत आहे. एक गोष्ट मात्र तुला तुझ्या शेवटच्या पंधरा दिवसांत कळली, आणि सगळं त्या एका गोष्टीवर अडून होतं.

मी लांज्याच्या शाळेत शिकलेला. वडील त्याच शाळेत शिपाई. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. फिजिओथेरपीची पदवी झाल्यावर मला विद्यापीठात स्पोर्ट्स मेडिसिनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा गावात कोणाला ते नाव धड उच्चारता येईना. आई सोपं करून सांगायची, आमचा सुधीर खेळणाऱ्यांचा डॉक्टर होतोय. राहायला मी पेणकरपाड्याला मामाकडे होतो. प्रबंधाचा विषय मिळाला कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या पायांच्या दुखापती. उत्तनला मुलींचा चांगला संघ आहे असं कळलं, म्हणून मी रविवारी भाईंदरहून बस पकडून तिथे यायला लागलो. बगलेत छापलेले फॉर्म, पिशवीत सांध्याचा कोन मोजायची पट्टी.

तीन रविवार मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो. एकही मुलगी माझ्याकडे आली नाही. कोणाचा पाय मुरगळला की ती लंगडत थेट पलीकडे जायची. तिथे एक बाई पालथ्या टोपलीवर बसलेली असायची. सकाळभर बोंबील वाळत घालून आलेली, हाताला मासळीचा आणि खोबरेल तेलाचा एकत्र वास. मुली तुझ्या मांडीवर पाय ठेवायच्या, तू डोळे मिटून चाचपायचीस. कधी चोळून द्यायचीस, कधी बांबूच्या कामट्या लावून बांधायचीस, आणि कधी नुसतं "घरी जा, उगा रडतस" म्हणून पाठीत धपाटा घालायचीस.

चौथ्या रविवारी मी हिय्या करून तुझ्यासमोर आलो आणि म्हणालो, मावशी, तुम्ही मला थोडी मदत कराल का? तू मागे वळून पाहिलंस. मग माझ्याकडे.

"तुमी कोनाला बोलतस? मी काय फादर हाय?"

मुली खो खो हसल्या. त्या दिवसापासून तू मला "तू" झालीस आणि मी त्या मैदानावर "अर्धा डॉक्टर" झालो. हे नाव तुझ्या भाचीने, ग्रेसीने ठेवलं. त्याच दिवशी तू मुलींना सांगितलंस, हा पोरगा शिकतोय, त्याला पाय दाखवा, मी इथेच बसते. त्या "इथेच बसते"ची किंमत मला फार उशिरा कळली. परगावच्या तरण्या पुरुषाने गावातल्या मुलींच्या पायाला हात लावायचा, ही सोपी गोष्ट नव्हती. तू शेजारी टोपलीवर बसलीस म्हणून ती झाली. माझ्या प्रबंधातला एकूण एक फॉर्म तुझ्या बसण्यावर भरला गेला.

आपली पद्धत ठरून गेली होती. आधी तू चाचपायचीस आणि काही बोलायची नाहीस. मग मी माझ्या चाचण्या करायचो. मग दोघं एकदम सांगायचो. बहुतेक वेळा उत्तर एकच यायचं, आणि पहिले काही महिने मला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी राग यायचा. मी त्यासाठी पाच वर्षं घालवली होती ना.

तुला विद्यापीठाचं फार कुतूहल. तिथे काय शिकवतात, असं दर आठवड्याला विचारायचीस. एकदा मी सांगितलं की आम्ही माणसाला चालत्या पट्ट्यावर धावायला लावतो, तोंडाला मुखवटा बांधतो आणि तो किती हवा वापरतो ते मोजतो. तू बराच वेळ विचार केलास. "आनि तो पोचतो कुठं?" कुठेच नाही, मी म्हणालो. तुला त्याचं इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. पुढे कोणी मुलगी चढाईला जाऊन रिकाम्या हाताने परत आली की तू ओरडायचीस, हिला सुधीरच्या कॉलेजात पाठवा.

बर्फाचं भांडण मात्र आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. ताज्या दुखापतीवर तू गरम तेल लावायचीस. मी सांगायचो की पहिले दोन दिवस शेक नको, चोळणं नको, बर्फ लाव. अख्खं उत्तन बर्फावर चालतं, होडीत बर्फ, टोपलीत बर्फ, आणि पायाला लावायला नको. तू ऐकून घ्यायचीस आणि एकच वाक्य बोलायचीस. "बर्फ मेलेल्याला लावतात. जित्याला ऊब." मी पुस्तकातली चित्रं दाखवली, आत रक्त कसं साचतं ते काढून दाखवलं. तू चित्राचं कौतुक केलंस आणि तेल गरम करायला घेतलंस.

आता ग्रेसीचा पाय.

ग्रेसी तुझ्या धाकट्या भावाची, जोकीममामाची मुलगी. संघातली सगळ्यात चपळ. राज्याच्या संघाच्या निवड चाचणीला तीन दिवस राहिले होते. निवड झाली असती तर पोलिसात खेळाडूंच्या जागेवर नोकरीची आशा होती, आणि जोकीममामाने अर्ध्या गावाला ते सांगून ठेवलं होतं. चाचणीमुळे मीही त्या आठवड्यात रोज यायचो. त्या गुरुवारी सरावात तिचा पाय आत वळला. तू डोळे मिटून घोट्यापासून सुरुवात केलीस, पुढे सरकलीस आणि करंगळीच्या मागे, पावलाच्या बाहेरच्या कडेला जो उंचवटा लागतो तिथे अंगठा दाबलास. ग्रेसीने पाय ओढून घेतला. तू काही बोलली नाहीस. मग मी माझं केलं. घोटा सगळीकडून दाबला, सांधा ओढून पाहिला. हाडाचं काही लागलं नाही. नस ताणली आहे, मी म्हणालो. तू त्याच वेळी म्हणालीस, हाड गेलंय, खेळू नको.

पहिल्यांदाच आपली उत्तरं वेगळी आली. मी तुला समजावलं, सूज कुठे आहे बघ, हाड असतं तर तिला टेकताच आलं नसतं. मावशी, मला जिंकायचं होतं. इतके रविवार माझ्या आधी तू ओळखायचीस. त्या दिवशी मला एकदा पुढे जायचं होतं. ग्रेसी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला हवं असलेलं उत्तर माझ्याकडे होतं.

"बोल ना अर्ध्या डॉक्टर, खेळू का?"

"खेळ," मी म्हणालो. आणि चाचणीच्या सकाळी मी स्वतः तिच्या पायाला पट्टी बांधली.

दुसऱ्या चढाईत ती पडली, ती उठलीच नाही. एक्स-रेमध्ये हाड तिथेच मोडलेलं होतं, बरोबर तुझ्या अंगठ्याखाली. तू ओळखलंस तेव्हा नुसती चीर असणार, खेळल्यामुळे दोन तुकडे झाले. मी त्या रात्री पुस्तक उघडलं. ती जागा पुस्तकात होती. घोटा मुरगळला की तीही दाबून बघावी, असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि त्या ओळीखाली माझ्याच पेन्सिलीची रेघ होती.

पण त्याआधी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, जोकीममामाने विचारलं होतं, हिला खेळायला कोणी सांगितलं? मी तोंड उघडलं. माझ्या आधी तू बोललीस.

"मी."

एवढंच. जोकीममामा पाठ फिरवून आत गेला. बसस्टॉपवर मी तुझ्या मागे धावत आलो, तुला विचारलं, असं का केलंस. तू पदर नीट केलास, म्हणालीस, "तुजं शिकायचं बाकी हाय. माजं शिकून झालं." मग सांगितलंस की ग्रेसीलाही गप्प राहायला बजावलंय आणि आता रविवार चुकवू नको.

मी रविवार चुकवले नाहीत. तुझ्याकडे येणारे मात्र कमी झाले. तुझ्या सख्ख्या भावाने गावभर सांगितलं की बहिणीने माझ्या पोरीचा पाय घालवला, आता तिच्या हातात काही राहिलं नाही. तो तुझ्याशी बोलेनासा झाला. नाताळात तुमच्या घरची ताटं एकमेकांकडे गेली नाहीत. तू टोपलीवर बसायचीस, पण मुली लंगडत घरी जायच्या. काही माझ्याकडे येऊ लागल्या, आणि मी त्यांचे पाय बघत राहिलो.

इथवर तुला माहीत होतं. पुढचं तुला माहीत नव्हतं.

प्रबंध लिहिताना गाइड सरांनी ग्रेसीच्या केसवर बोट ठेवलं आणि विचारलं, या मुलीला खेळायला परवानगी कोणी दिली? मी म्हणालो, गावातल्या एका हाडं बसवणाऱ्या बाईने. सरांना ते एकदम पटलं. यावर एक परिच्छेद लिही म्हणाले. मी लिहिला. इंग्रजीत, चांगल्या भाषेत लिहिला. अप्रशिक्षित व्यक्तीच्या सल्ल्याने खेळाडूचं कसं नुकसान होतं, असा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच परिच्छेदाचं कौतुक केलं. आभाराच्या पानावर मी विभागाचे आभार मानले, सरांचे मानले, आईवडिलांचे, मामाचे. तुझं नाव तिथे घातलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं की ही कोण.

निकाल लागल्यावर मी पेढे आणि प्रबंध घेऊन तुझ्याकडे आलो. तू हात साबणाने धुतलेस, तरी तेल थोडंच जातं. मांडीवर घेऊन एकेक पान उलटलंस. तुला वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. मग विचारलंस, "ह्यात माजं नाव हाय?"

"आहे," मी म्हणालो.

"दाखव."

मी आभाराचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तू त्या ओळीवरून अंगठा फिरवलास. एकदा डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा. पेढा खाल्लास.

माझ्या प्रतीत त्या ओळीवर तेलाचा फिकट डाग आहे. मावशी, ती ओळ विभागातल्या धावायच्या यंत्राबद्दलची होती.

त्यानंतर मी पंजाबात खेळाडूंच्या शिबिरात नोकरीला लागलो. ग्रेसीचं ऑपरेशन चांगलं झालं, पुढच्या वर्षी तिची निवड झाली, ती पोलिसात लागली. तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी हॉस्टेलच्या जिन्यावर बसून राहिलो. मला वाटलं, आता सगळं ठीक झालं, आता ते उकरून काढायची गरज नाही. सुट्टीत आलो की तुला भेटायचो, बर्फावरून भांडायचो आणि ते न बोलता परतायचो. जोकीममामा तोपर्यंत रस्त्यात तुला हं, हूं करायला लागला होता, पण तुझ्या घराची पायरी चढला नव्हता. त्याची पोरगी राज्याकडून खेळत होती आणि त्याच्या लेखी तिचा पाय तूच मोडला होतास.

यंदा मी पत्र लिहिलं. बोलायला जमलं नाही ते लिहायला जमेल असं वाटलं. पोस्टात टाकलं आणि ते तुला पोचलं की नाही, याचा विचार करत बसलो. पंधरा दिवसांनी ग्रेसीचा फोन आला. मला वाटलं पत्राबद्दल असेल. ती म्हणाली, आत्या गेली. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, पत्र वाचलं गेलं का, हे आता मी कोणत्या तोंडाने विचारू.

मी पोचलो तेव्हा तुझा मुलगा सायमन बोटीवरून यायचा होता, म्हणून तुला घरातच ठेवलं होतं. जेट्टीवरून आणलेल्या बर्फाच्या लाद्या चारी बाजूंनी. मी दारात थांबलो. तुझं वाक्य आठवलं आणि मला तिथे, त्या सगळ्या बायकांसमोर, हसू फुटेल की रडू ते कळेना. ग्रेसी माझ्याजवळ आली. तिला कळलं मी काय बघतोय. हळूच म्हणाली, "गेल्या पावसापासून तिचा गुडघा सुजायचा. दर दोन दिवसांनी बर्फ मागवायची. मासळी न्हाय काय न्हाय, बर्फ कशाला म्हटलं तर दार लावून घ्यायची. तुला सांगू नको बोलली होती."

मी भिंतीला टेकून बसलो. म्हणजे भांडण मी जिंकलो होतो आणि तू मला ते कळू दिलं नाहीस. आणि आता तुझ्या उशापायथ्याशी त्या लाद्या बघून वाटलं, तू जिंकलीस.

मग मी ग्रेसीला विचारलं, माझं पत्र आलं होतं का?

तिने मला अंगणात नेलं. पत्र आलं होतं. संध्याकाळी तिने तुला मोठ्याने वाचून दाखवलं. थिसीसचं आलं तिथे तिचा आवाज चढला, ती मला शिव्या घालायला लागली. तू म्हणालीस, शिव्या नंतर, आधी वाच. संपल्यावर तू पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलंस. मग म्हणालीस, "लिवील ह्ये ठाऊक होतं. एवढं लांब लिवील असं वाटलं न्हाय." आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आधी ग्रेसीला पाठवून भावाला बोलावून घेतलंस.

जोकीममामा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. पत्र संपेपर्यंत आत आला नाही. मग आला, तुझ्या समोर बसला आणि म्हणाला, एवढी वर्षं तू मला बोलू दिलंस? तू म्हणालीस, बोलायची हौस तुला लहानपणापासूनच. त्या रात्री तो तुझ्याकडे जेवला. दुसऱ्या दिवशीही. शेवटच्या दिवसापर्यंत रोज येत होता, ग्रेसी म्हणाली, दोघं कालवणावरून भांडायची.

तुला दफन करून परत येताना जोकीममामाने माझा दंड धरला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तरी मी काही म्हटलं नसतं. तो चालत राहिला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "आधी लिवायचं होतंस. मला माजी भैन आनखी थोडी मिळाली असती." मग दंड न सोडताच मला घरी जेवायला घेऊन गेला.

त्याचं खरं आहे. तेवढं दुःख मी जन्मभर बाळगेन. पण तू खोटा आळ घेऊन गेली नाहीस. भावाचा हात हातात घेऊन गेलीस. यात माझी कर्तबगारी काही नाही, टपाल वेळेवर पोचलं एवढंच. तरी रात्री झोप लागते, मावशी. इतक्या वर्षांनी सरळ झोप लागते.

पत्र जोकीममामाने स्वतःकडे ठेवून घेतलंय, मला परत देत नाही. ग्रेसीने झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्समध्ये शेवटच्या ओळीवर एक काळपट डाग उमटलाय. तो शाईचा नाही. तुझे आभार वेगळ्या शब्दांत मला मानता येत नाहीत, म्हणून तेच पत्र खाली उतरवून काढतो.

*

ग्रेसी,

हे पत्र फिलूमावशीला मोठ्याने वाचून दाखव. मध्येच थांबू नकोस, माझा कितीही राग आला तरी.

मावशी,

ग्रेसीला खेळ असं मी सांगितलं होतं, हे आपल्या तिघांना माहीत आहे. तू ते स्वतःवर घेतलंस. पण मी नुसता गप्प राहिलो नाही. माझ्या प्रबंधात मी लिहिलं की तिला तू खेळायला सांगितलंस. त्यावर मला शाबासकी मिळाली.

दुसरं. तू तुझं नाव दाखव म्हणालीस तेव्हा मी ज्या ओळीवर बोट ठेवलं, तिथे तुझं नाव नव्हतं. त्या पुस्तकात ते कुठेच नव्हतं.

मागच्या महिन्यात मी विद्यापीठात जाऊन सरांना सगळं सांगितलं. सरांनी तो परिच्छेद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, दुरुस्तीचं पान लिही. मी लिहिलं, त्यांनी सही केली, आणि लायब्ररीतल्या प्रतीत ते पान माझ्यासमोर चिकटवलं गेलं. त्यात असं लिहिलंय की या खेळाडूचं हाड मोडल्याचं उत्तनच्या एका बाईंनी हाताने ओळखलं होतं आणि तिला खेळू नको म्हणून सांगितलं होतं. खेळायचा सल्ला या प्रबंधाच्या लेखकाचा होता, आणि तो चुकीचा होता. खाली त्या बाईंचं पूर्ण नाव आहे.

हे जोकीममामाला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी पुढच्या सुट्टीत येऊन त्याच्यासमोर सांगेन. त्याआधी तुला सांगावंसं वाटलं तर माझी परवानगी कशाला हवी.

इथे रोज कोणाचा ना कोणाचा पाय मुरगळतो. मी घोट्याला हात लावायच्या आधी करंगळीच्या मागे अंगठा दाबतो. शिकाऊ मुलं विचारतात, सर, पहिलं हेच का? मी सांगतो, मला असंच शिकवलंय.

बर्फ मात्र लावतो. त्यावर आल्यावर भांडू.

ग्रेसी, आता एक काम कर. मावशीचा अंगठा धर आणि खालच्या ओळीवर ठेव. मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. मावशी, हे तुझं नाव आहे. या वेळी खरंच आहे.

फिलोमिना